गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून माध्यम साक्षरतेची सुरुवात: एका शिक्षिकेच्या तीन प्रश्नांना उत्तर

जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील शिक्षिकेने तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या शाळेने पालकांसाठी समाजमाध्यमांविषयी कार्यक्रम घ्यायचे ठरवले आहे. त्यात ‘पुढे पाठवण्यापूर्वी विचार करा’ यापलीकडे नेमके काय शिकवावे, हा पहिला प्रश्न. मुलांच्या हातातून फोन काढून घ्यावा का, हा दुसरा. आणि घरातले वडीलधारेच खोटा संदेश पाठवतात तेव्हा त्यांचा मान राखून ते कसे सांगावे, हा तिसरा. वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात बरीच वर्षे काम केल्यानंतर मी आता शिक्षक, पालक आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी माध्यम साक्षरतेचे, म्हणजे बातमी किंवा संदेश पारखून घेण्याचे, वर्ग घेतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की तिसरा प्रश्न हाच यातला मुख्य प्रश्न आहे, आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरेही बरीचशी त्याच्यातूनच निघतात.

आपल्याकडे खोटी माहिती अनोळखी माणसाकडून क्वचितच येते. ती मामांकडून येते, भावकीच्या ग्रुपवरून येते, दहावीच्या बॅचमधल्या मित्राकडून येते, बचत गटातल्या ताईंकडून येते. संदेश मुळात कोणी तयार केला याचा काहीच पत्ता नसतो. पण तो ज्यांनी आपल्याला पाठवला त्यांना आपण वर्षानुवर्षे ओळखत असतो, आणि त्यांच्यावरचा आपला विश्वास नकळत त्या संदेशालाही लागू होतो. मामा खोटे बोलणार नाहीत, हे खरेच असते. मामांना ते कोणी पाठवले आणि त्या पाठवणाऱ्याला ते कसे कळले, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, कारण तो विचारणे म्हणजे मामांवर अविश्वास दाखवणे असे आपल्याला वाटते. म्हणूनच संदेश तपासायचा कसा एवढेच शिकवून काम भागत नाही. तो पाठवणाऱ्याशी बोलायचे कसे, हेही त्याच कार्यक्रमात शिकवावे लागते.

हा गुंता आपल्या गावांत फार झपाट्याने आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की ज्या घरात वर्तमानपत्रही नियमित येत नव्हते त्या घरात दिवसभर चित्रफिती येऊ लागल्या. वर्तमानपत्रात मजकूर छापण्याआधी तो निदान दोन-तीन माणसांच्या नजरेखालून जातो. बातमीदाराला ‘हे तुला कोणी सांगितले’ असे विचारणारा कोणीतरी असतो. फोनवर येणाऱ्या मजकुरासाठी ते विचारणारे कोणी नाही, त्यामुळे ते काम आता प्रत्येक वाचकाच्या वाट्याला आले आहे, आणि त्याचे शिक्षण मात्र कोणालाच मिळालेले नाही.

याची किती मोठी किंमत मोजावी लागली हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी गाव आहे. तेथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागण्यासाठी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या भागात काही दिवसांपासून व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्या पाचांवर संशय घेतला गेला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि जमावाने मारहाण करून पाचही जणांचा जीव घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. मारले गेलेले निरपराध होते आणि मारणाऱ्यांपैकी अनेकांना आपण आपली मुले वाचवत आहोत असेच वाटत होते. आपल्या कार्यक्रमात हा भाग वगळू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अफवा हवेतून बळी निवडत नाही. परक्या वेशातला, परक्या बोलीचा, गावोगाव फिरून पोट भरणारा माणूस आधीच आपल्या संशयाच्या कक्षेत असतो, आणि अफवा त्या तयार संशयाला कारण पुरवते. त्या सुमारास मालेगावातही लहान मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबाला जमावाने घेरले होते. तेथे काही रहिवाशांनी त्यांना आपल्या घरात घेतले आणि नंतर पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. पालकांना दोन्ही घटना सांगाव्यात. ‘अनोळखी माणसाबद्दल शंका आली तर पोलिसांच्या ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा, त्याला कोणी हात लावू नये आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नये’ ही सूचना मग कोरडी राहत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे तपासायचे कसे याकडे वळतो. त्या वर्षी भारतभर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, मागे बसलेला एका मुलाला उचलतो आणि गाडी निघून जाते. दृश्य रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखे, वरच्या कोनातून दिसणारे, आणि म्हणून अगदी खरे वाटणारे. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी एका सेवाभावी संस्थेने तयार केलेली होती. मूळ चित्रफितीत ती मोटारसायकल परत येते, मुलाला खाली उतरवले जाते आणि मूल पळवायला किती कमी वेळ लागतो हे सांगणारा फलक कॅमेऱ्यासमोर धरला जातो. शेवटचे हे काही क्षण कापले आणि सावधगिरीची जाहिरात गुन्ह्याचा पुरावा बनली. त्याच सुमारास लहान मुलांचे मृतदेह ओळीने ठेवलेले एक छायाचित्र, अवयव काढून घेणाऱ्या टोळीचे म्हणून, पसरवले गेले. ते ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील घूता येथे झालेल्या रासायनिक हल्ल्यानंतरचे होते.

या दोन्ही उदाहरणांत दृश्य संगणकाने बनवलेले नाही. खोटे आहे ते त्याच्याबरोबर आलेले वाक्य: हे इथले आहे, हे आजचे आहे. आपल्या फोनमध्ये येणाऱ्या दिशाभूल करणाऱ्या मजकुराचा मोठा भाग याच प्रकारचा असतो. त्यासाठी कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज लागत नाही, फक्त जुने चित्र आणि नवे वाक्य लागते. म्हणून ‘हे खरे आहे की खोटे’ या प्रश्नाने सुरुवात केली की माणूस चित्राकडे बघून ‘दिसतेय तर खरे’ असे म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी हे कुठले, कधीचे आणि कोणी टिपलेले, असे विचारायला शिकवावे. दुकानाच्या पाटीवरची लिपी, गाडीच्या नंबरप्लेटची धाटणी, माणसांचे कपडे, जूनमध्ये टिपल्याचा दावा असेल तर रस्ता ओला आहे की कोरडा, मागे ऐकू येणारी भाषा, या गोष्टी पाचवीतले मूलही पाहू शकते. किंबहुना मुले त्या मोठ्यांपेक्षा लवकर पाहतात. त्यानंतर चित्रफीत थांबवून पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाकावा. तेच दृश्य पूर्वी कोठे आणि केव्हा प्रसिद्ध झाले होते ते बहुतेक वेळा दिसते. एकाच चौकटीवर थांबू नये, दोन-तीन वेगवेगळ्या चौकटी टाकून पाहाव्यात. मराठीतून पडताळणी करणारी फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर यांसारखी संकेतस्थळे आहेत. संदेशातले दोन-तीन ठळक शब्द आणि ‘फॅक्ट चेक’ असे लिहून शोध घेतला तरी पुष्कळदा उत्तर मिळते.

व्हॉइस नोट मात्र अशी शोधता येत नाही, आणि ग्रामीण भागात तीच सर्वात प्रभावी ठरते. त्यात आपल्याच बोलीतला, घाबरलेला आवाज असतो: ‘मी स्वतः डोळ्यांनी बघितलं, सगळ्यांना सांगा.’ येथे संपादकीय विभागातली जुनी रीत उपयोगी पडते. बोलणारा स्वतःचे नाव सांगतो का? गावाचे नाव, वार, तारीख सांगतो का? ज्याच्याबाबत घटना घडली त्याचे नाव किंवा पोलीस ठाण्याचे नाव सांगतो का? ‘काल’ आणि ‘परवा’ हे शब्द व्हॉइस नोटमध्ये महिनोन्‌महिने ताजे राहतात. जूनमधला ‘काल’ दिवाळीतही ऐकू येतो. नाव नाही, तारीख नाही, ठिकाण मोघम आणि शेवटी ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ अशी विनंती, असे सगळे एकत्र आले तर त्या गावातल्या ओळखीच्या एका माणसाला फोन लावावा. दोन मिनिटांच्या फोनने जे कळते ते तासभर इंटरनेट धुंडाळूनही कळत नाही. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात कोणाचे ना कोणाचे पाहुणे असतातच, आणि पडताळणीसाठी त्यांचा आधार घ्यायला आपण फार कमी शिकलो आहोत.

व्हॉट्सॲपनेच दिलेली एक खूण पालकांना प्रत्यक्ष फोन हातात देऊन दाखवावी. जुलै २०१८ पासून पुढे पाठवलेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ असे लिहिलेले येते. त्याच महिन्यात, जमावबळीच्या घटनांनंतर, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घालण्याचे कंपनीने जाहीर केले. एप्रिल २०२० पासून, अनेक हातांतून फिरून आलेला संदेश, ज्यावर दुहेरी बाण दिसतो, एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दुहेरी बाण म्हणजे संदेश खोटा, असे अजिबात नाही. त्याचा अर्थ इतकाच की पाठवणाऱ्या माणसाने तो लिहिलेला नाही आणि बहुधा त्याच्या ओळखीच्या माणसानेही लिहिलेला नाही. येथे एक सावधगिरी सांगावी लागते. मजकूर कॉपी करून पुन्हा चिकटवला किंवा त्याचा स्क्रीनशॉट घेतला तर ही खूण नाहीशी होते. म्हणजे खूण असेल तर संदेश फिरून आलेला आहे हे नक्की. खूण नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असल्यामुळे कंपनीलाही त्यातला मजकूर दिसत नाही, त्यामुळे ‘खोटे असते तर व्हॉट्सॲपने काढले असते’ हा समजही दूर करावा. मी घेतलेल्या वर्गांत हा समज मला वारंवार आढळला आहे.

अफवा समाजमाध्यमांनी जन्माला घातली, असे समजण्याचे कारण नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता साध्या टेलिफोनवरून एका दिवसात देशभर गेली होती. पण त्या दाव्यात एक गोष्ट आपल्या बाजूची होती: मूर्ती समोर होती. वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून कसे ओघळते ते दाखवले आणि पृष्ठताणाचे स्पष्टीकरण दिले. कोणालाही घरी तो प्रयोग करून पाहता आला. कराचीतली गल्ली किंवा सीरियातले घूता आपल्यासमोर नसते. प्रयोग करून पाहण्याची सोय गेली की मूळ शोधण्याची सवय हाच मार्ग उरतो.

पैशाच्या फसवणुकीतही हाच विश्वास वापरला जातो, आणि हा भाग पालकांना सर्वात जवळचा वाटतो. लग्नपत्रिका, वाहतुकीच्या दंडाचे चलान किंवा पीएम किसानचा हप्ता अशा नावाने एक फाईल येते. फाईलच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत ‘एपीके’ (apk) ही तीन अक्षरे असतात. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ असायला हवी. एपीके हे फोनमध्ये बसवायचे ॲप असते, आणि ते बसवले की फोनवर येणारे ओटीपीसुद्धा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. गंभीर बाब ही की असा फोन ताब्यात गेल्यावर तीच फाईल त्या माणसाच्या नावाने त्याच्या सगळ्या ग्रुपवर जाते. पाहणाऱ्याला ती आपल्या काकांनी पाठवलेली दिसते. पालकांना ही तीन अक्षरे फळ्यावर मोठी लिहून दाखवावीत. वाचता येत नसले तरी आकार लक्षात राहतो. ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकारात ओळखीऐवजी धाकाचा उपयोग होतो. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशातला माणूस ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे सांगतो आणि कोणाशीही न बोलता पैसे पाठवायला लावतो. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हे स्पष्ट केले होते. ‘घरच्यांना सांगू नका’ असे कोणी म्हणाले की त्याच क्षणी फोन ठेवून घरच्यांना सांगावे. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी तक्रार पोहोचली तरच ते गोठवता येण्याची शक्यता असते. अनेक कुटुंबे लाजेपोटी दोन दिवस गप्प बसतात आणि तेवढ्यात सगळे संपते. ही लाज घालवणे हाही साक्षरतेचाच भाग आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रफितींविषयी थोडेच सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करत असल्याची चित्रफीत फिरली. ती बनावट असल्याचे स्वतः सचिनने जाहीर केले. अशा चित्रफिती ओठांच्या किंवा बोटांच्या हालचालींवरून ओळखाव्यात, असा सल्ला दिला जातो. मी तो देत नाही, कारण त्या खुणा दिवसेंदिवस नाहीशा होत आहेत. प्रसिद्ध व्यक्ती पैसे गुंतवायला सांगत असेल तर तिच्या अधिकृत खात्यावर ते आहे का आणि इतर वृत्तपत्रांनी ते दिले आहे का, एवढेच पाहावे. चित्राची बारकाईने तपासणी करण्यापेक्षा चित्राबाहेर पडून चौकशी केलेली जास्त उपयोगी ठरते.

मुलांच्या फोनबद्दल माझे मत मधल्या मार्गाचे आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे, आणि बहुतेक समाजमाध्यमांच्या स्वतःच्या नियमांतही किमान वय तेरा आहे. तेव्हा पाचवी-सहावीतल्या मुलाचे इन्स्टाग्राम खाते नसावे, हे पालकांना नि:संकोच सांगावे. परंतु फोन काढून घेतल्याने मूल साक्षर होत नाही. ते फक्त उशिरा आणि एकट्याने शिकते. शिवाय आपल्याकडे फोन बहुधा घरातल्या सर्वांचा मिळून एक असतो, आणि रात्री उशिरापर्यंत रील पाहणारे अनेकदा वडील असतात. मुलाकडून फोन काढून घेऊन तोच आपण पाहत बसलो, तर मूल त्यातून काय शिकते हे सांगायला नको.

मुलांना शिकवायची महत्त्वाची गोष्ट ही की व्हॉट्सॲप आणि रील यांची घडण वेगळी आहे. व्हॉट्सॲपवर येणारा मजकूर कोणीतरी माणूस पाठवतो. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर पुढे काय दिसावे हे बरेचसे संगणकीय आज्ञावली ठरवते, आणि ती तुम्ही कशावर थांबलात, काय पुन्हा पाहिले, काय सरकवून टाकले याची नोंद ठेवून ठरवते. कंपनीचे उत्पन्न जाहिरातींतून येते, म्हणून तुम्ही जितका वेळ थांबाल तितका तिचा फायदा. वर्गात यासाठी एक सोपा प्रयोग करता येतो. दोन पालकांचे फोन त्यांच्या संमतीने घेऊन दोन्हींवर यूट्यूब उघडावे आणि पहिल्या दहा चित्रफितींची नावे फळ्याच्या दोन बाजूंना लिहावीत. एका बाजूला कीर्तन, कांद्याचे भाव आणि ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला कुस्ती, एका पक्षाच्या नेत्यांची भाषणे आणि आणखी भाषणे, असा फरक दिसतो. मुले चकित होतात. मोठी माणसे जरा गंभीर होतात. ‘सगळीकडे हेच चालले आहे’ असे जे आपल्याला वाटते ते आपल्याच फोनपुरते असू शकते, हे मग वेगळे समजावावे लागत नाही.

आता तिसरा प्रश्न. काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर चुकीचा संदेश टाकला आणि पुतण्याने त्याखाली लगेच ‘हे खोटे आहे’ असे लिहून लिंक चिकटवली, तर काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. काका तो संदेश मागे घेत नाहीत. त्यांची बाजू घ्यायला दोन जण पुढे येतात, विषय संदेशाचा राहत नाही आणि लहान-मोठ्याच्या मानाचा होतो. येथे माझा अनुभव असा आहे की चारचौघांत दुरुस्ती करण्यापेक्षा आधी फोन करावा. ‘काका, तुम्ही मघाशी टाकलेला संदेश वाचला. मुलांची काळजी वाटून तुम्ही पाठवला हे कळलं. मी जरा शोधलं, तर तो व्हिडिओ कराचीतला आणि जुना निघाला. तुम्हाला तो कोणी पाठवला होता? त्यांनाही सांगायला हवं. मी खरी माहिती तुम्हाला पाठवतो, ती तुम्हीच ग्रुपवर टाका, म्हणजे लोक ऐकतील.’ यात हेतूचा मान राखला जातो, मूळ कुठले ते सांगितले जाते, साखळीत एक पाऊल मागे जाता येते आणि दुरुस्तीचे श्रेय काकांनाच मिळते. ज्यांच्या शब्दाला ग्रुपमध्ये वजन आहे त्यांनीच दुरुस्ती केली की ती अफवेइतक्याच वेगाने पोहोचते. मात्र जिवाला धोका असेल, गावात एखाद्याला घेरण्याची भाषा सुरू झाली असेल, तर मानापमान बाजूला ठेवून त्याच क्षणी ग्रुपवर लिहावे आणि पोलिसांना कळवावे.

दुरुस्ती लिहिताना खोटा दावा पुन्हा ठळक अक्षरांत लिहू नये. एकच विधान वारंवार कानावर पडले की ते खरे वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच प्रयोगातून दाखवले होते. ‘मुले पळवणारी टोळी आली ही बातमी खोटी आहे’ यापेक्षा ‘हा व्हिडिओ कराचीतील जागृतीच्या जाहिरातीचा अर्धवट भाग आहे, आपल्या तालुक्यात असा गुन्हा नोंदलेला नाही असे पोलीस ठाण्यात विचारून खात्री केली आहे’ हे वाक्य बरे. अर्थात तशी खात्री खरोखर केलेली असली पाहिजे.

ग्रुप ॲडमिन हमखास विचारतात की सदस्याने काही टाकले तर आम्ही अडकू का. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये असे म्हटले की समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. कायद्याची भीती कमी झाली तरी ॲडमिनने दोन नियम लिहून ठेवावेत असे मी सुचवतो: व्हॉइस नोट पुढे पाठवताना ती कोणाची ते लिहावे, आणि अनोळखी माणसांचे फोटो संशयित म्हणून टाकू नयेत.

याच ठिकाणी एक काळजी सांगितली पाहिजे. माध्यम साक्षरतेच्या नावाखाली न आवडणाऱ्या मताला ‘फेक’ म्हणण्याची सवय लागू शकते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमध्ये एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि दुसरीने ते लाइक केले, एवढ्यावरून दोघींना अटक झाली होती. त्या प्रकरणानंतर उभ्या राहिलेल्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षेची तरतूद करणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ रद्द केले. ‘सरपंचांनी पाण्याचे काम नीट केले नाही’ हे मत आहे. त्याच्याशी असहमत होता येते. ‘सरपंचांनी अमुक तारखेला अमुक रक्कम उचलली’ हे तथ्याचे विधान आहे. ते कागद पाहून तपासता येते. हा फरक आठवीच्या मुलांना एका तासात शिकवता येतो आणि तो आयुष्यभर पुरतो. तसेच ‘सगळेच खोटे असते, कोणावर विश्वासच ठेवू नका’ असे मुलांना शिकवू नये. हवामानासाठी भारतीय हवामान विभाग, लसीकरणासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका ताई, शासकीय योजनेसाठी तलाठी किंवा कृषी सहायक, अशा कोणत्या गोष्टीसाठी कोणावर विसंबावे याची गावापुरती यादी शाळेनेच करून भिंतीवर लावावी.

कार्यक्रम एका दिवसाचा करू नये. केरळमधील कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकाऱ्यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांमध्ये खोट्या बातम्या ओळखण्याचे तास सुरू केले होते. त्यात मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट ही की तो वर्गातला तास होता, वक्त्याचे भाषण नव्हते. आपल्या शाळेत पालक सभा दर महिन्याला होत असेल तर प्रत्येक सभेची शेवटची वीस मिनिटे यासाठी ठेवावीत. पालकांनी त्या महिन्यात आलेला एक शंकास्पद संदेश आणावा, पाठवणाऱ्याचे नाव झाकावे, आणि सातवी-आठवीच्या मुलांनी तो सगळ्यांसमोर शोधून दाखवावा. आजी-आजोबांना आवर्जून बोलवावे आणि मुलांना आधी बजावून ठेवावे की कोणाच्या संदेशावर हसायचे नाही.

पहिल्या दोन-तीन सभांमध्ये कोणते संदेश आले ते मला जरूर कळवावे. विशेषतः स्थानिक बोलीतल्या व्हॉइस नोट जमल्या तर त्या तारीख आणि ग्रुपच्या प्रकारासह नोंदवून ठेवाव्यात, कारण पडताळणी करणाऱ्या मोठ्या संस्थांपर्यंत त्या फार क्वचित पोहोचतात, आणि शेजारच्या तालुक्यातल्या शाळेला तीच नोंदवही सर्वात आधी लागेल.